तोंडी तक्रारीला शाळा घाबरत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे. मोठ्याने वाचताना तो अडखळतो. वर्गात बाकांच्या क्रमाने एकेकाने एकेक परिच्छेद वाचायचा असतो. याची पाळी आली की सर एका मुलाला खडू देऊन फळ्याशी उभं करतात. हा जितक्या वेळा अडखळेल तितक्या रेघा त्याने मारायच्या आणि शेवटी सगळ्या वर्गाने त्या मोठ्याने मोजायच्या. हे मला मुलाने सांगितलं नाही, त्याच्या मित्राच्या आईने सांगितलं. मग त्याचं पुस्तक उघडून पाहिलं, तर परिच्छेदांच्या कडेला पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेले. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार, याचा तो घरूनच हिशेब करून जातो.

मुख्याध्यापिकांना दोन-तीनदा भेटले. आधी म्हणाल्या, "सर जरा कडक आहेत, पण मनाने चांगले आहेत." मग म्हणाल्या, "बोलते मी त्यांच्याशी." आणि शेवटी, "तुम्ही त्यालाच एकदा डॉक्टरांना दाखवा ना." मिस्टर म्हणतात, आपण काय कमी मार खाल्ला, बिघडलो का? मुलगा म्हणतो, आई, तू शाळेत येऊच नकोस. मी उगाच ताणतेय का? आणि ताणायचंच असेल तर शाळेला जाब विचारायचा कसा?
एक आई

उत्तर : तुम्ही उगाच ताणत नाही आहात. अकरा-बारा वर्षांचं पोर धडा वाचायचा सोडून बाकं मोजत बसतं, यावर आणखी पुरावा कशाला हवा?

आधी ते "सर कडक आहेत" निकालात काढू. कडक शिक्षक मीही पाहिलेत, तुम्हीही पाहिले असतील. त्यांचा नियम सगळ्या वर्गाला माहीत असतो आणि तो सगळ्यांना सारखा लागू असतो. तुमच्या मुलाने कोणता नियम मोडला? अडखळणं हा काही बेशिस्तपणा नव्हे. आणि वर्गातल्याच मुलाच्या हातात खडू देऊन मित्राच्या चुका मोजायला लावणं, ही शिस्त कुठल्या शाळेत शिकवतात? मला तर त्या खडू धरणाऱ्या मुलाचीही काळजी वाटते.

कायद्याच्या भाषेत याला मानसिक छळ म्हणतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना एकाच दमात मनाई करतं. त्यामुळे "आम्ही हात कुठे लावला?" हा बचाव चालत नाही. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई व्हायला हवी, असंही तेच कलम सांगतं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार टोमणे मारणं, नावं ठेवणं, चारचौघांत लाज काढणं हे सगळं छळातच येतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात एक नाही, दोन तक्रारी आहेत, आणि तुम्ही त्या एकच समजून चालला आहात. पहिली तक्रार सरांच्या वागण्याची. दुसरी अशी की शाळेला हे कळलं होतं आणि तरी शाळेने काही केलं नाही. शाळेला जाब विचारायचा तो या दुसरीसाठी. पण ती सिद्ध करायला आज तुमच्या हातात काय आहे? तुम्ही बाईंच्या केबिनमध्ये बसलात, बोललात, उठून आलात. शाळेच्या दप्तरात यातलं एक अक्षर नाही. उद्या कुणी चौकशीला आलं तर बाई शांतपणे सांगतील, "असं काही आमच्यापर्यंत आलेलंच नाही." आणि कागदावर त्यांचं म्हणणं खरं ठरेल. तोंडी तक्रार शाळेला सोयीची असते ती याचसाठी. पालकाचं मन हलकं होतं आणि शाळेच्या अंगाला काही लागत नाही.

म्हणून लेखी अर्ज. मुख्याध्यापिकांच्या नावे, आणि प्रत संस्थेच्या सचिवांना. अर्ज लिहिताना राग बाजूला ठेवायचा. "हे सर विकृत आहेत", "शाळेचा बाजार मांडलाय" असं एक वाक्य जरी आलं तरी चर्चा तुमच्या भाषेवर वळते. फक्त घडलेलं लिहा: "अमुक तारखेला, अमुक तासाला, माझा मुलगा वाचत असताना त्याच्या चुकांच्या रेघा फळ्यावर मारायला लावल्या आणि वर्गाकडून त्या मोठ्याने मोजून घेतल्या." त्याखाली तुमच्या आधीच्या भेटी. कधी भेटलात, काय सांगितलंत, बाई काय म्हणाल्या. तारीख नक्की आठवत नसेल तर "जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात" असं लिहा; अंदाजाने ठोकून दिलेली एक चुकीची तारीख सगळा अर्ज पाडू शकते. या भेटींचा परिच्छेद अर्जात सगळ्यात महत्त्वाचा, कारण शाळेला माहीत होतं हे पहिल्यांदा कागदावर येतं ते इथे.

शेवटी मागण्या. वर्गात रेघांचा प्रकार आजपासून बंद व्हावा, चौकशी व्हावी, चौकशी चालू असताना सरांनी मुलाला एकट्याला बोलावून काही विचारू नये, आणि काय केलं ते आठ दिवसांत लेखी कळवावं. चौकशीत सरांनाही त्यांचं म्हणणं मांडू द्यायला लागेल, ते योग्यच आहे, त्यावर चिडू नका. "सरांना काढून टाका" असं मात्र लिहू नका. शिक्षा काय द्यायची ते चौकशीनंतर ठरतं. तुम्ही आधीच ठरवलीत तर तुम्हीच सूड घ्यायला निघालात असं चित्र उभं राहतं.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच म्हणजे तुमचा खरा आधार. बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. क्लार्क म्हणतो, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा, देतो मी." ठेवून येऊ नका. पोच देत नसतील तर वाद न घालता निघा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने व शाळेच्या ईमेलवर पाठवा. पावती जपून ठेवा. यानंतर बाईंनी भेटायला बोलावलं तर जरूर जा, पण घरी आल्यावर चार ओळींचा ईमेल टाका: "आजच्या भेटीत असं असं ठरलं, काही वेगळं असल्यास कळवावे." कळवलं नाही तर तुमचंच खरं.

पुराव्याचं म्हणाल तर त्या पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि आकडे खोडू देऊ नका. मुलाने जे सांगितलं ते एकदा, त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. रोज घरी आल्या आल्या "आज काय झालं?" म्हणून उलटतपासणी नको. त्याच्या दप्तरात रेकॉर्डिंगला फोन तर मुळीच नको. त्याला हेर करू नका, आधीच त्याच्या डोक्याला पुरेसे हिशेब आहेत.

आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे टाकू नका. तिथे पहिल्या तासात पन्नास जण "अगदी बरोबर" म्हणतील, संध्याकाळपर्यंत स्क्रीनशॉट सरांकडे पोचेल आणि दुसऱ्या दिवशी सगळे चिडीचूप. त्यापेक्षा ज्या आईने तुम्हाला सांगितलं तिला गाठा. तिने दोन ओळींचं वेगळं पत्र दिलं तरी वीस सह्यांच्या अर्जापेक्षा ते जड जाईल. सह्या मागे घ्यायला लावणं सोपं असतं.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा "योग्य ती समज देण्यात आली आहे" अशी एक ओळ हातात पडली, तर पुढची पायरी. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. त्यांच्याकडे प्रत द्या. त्यानंतर शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेसारख्या संस्थेकडे, लेखी तक्रार केली की दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. आयोगाकडे थेटही जाता येतं, त्यासाठी वकील लागत नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर "2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार आम्हाला हा कायदा लागू नाही" असं ऐकवलं जाईल. आयोगाचा बालहक्कांचा अधिकार 2005 च्या वेगळ्या कायद्यातून येतो, त्यामुळे तो रस्ता तेव्हाही खुला असतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये मुलांच्या सुरक्षिततेबाबत शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित करणाऱ्या सूचना काढल्या आहेत. अर्जात त्यांचाही उल्लेख करा. संस्थाचालक असे उल्लेख वाचतात.

हे तुमच्या बाबतीत नाही, पण ही पत्रं इतर पालकही वाचतात म्हणून सांगते. मारहाणीत मुलाला इजा झाली असेल किंवा लैंगिक त्रासाची शंका जरी असेल, तर वरच्या पायऱ्या चढत बसू नका. थेट पोलीस, किंवा 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. "आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या" हे कुणी सांगितलं तरी ऐकू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार असा अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाने केलेला प्रकार संस्थाप्रमुखाने दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता भीतीचं. मुलाला काढून टाकतील का? प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, हे कलम 16 मध्ये आहे. डूख धरतील का? धरू शकतात, खोटं कशाला सांगू. पण तो फार बारीक असतो. स्नेहसंमेलनातून नाव वगळणं, वही तपासायची राहून जाणं, "याला काही बोलू नका हं, याची आई येते". असं काही झालं की त्याच दिवशी दुसरा, छोटा अर्ज, पहिल्याचा आवक क्रमांक घालून. दोन-तीन असे कागद गेले की सहसा हात आखडतो. त्याच्या तपासलेल्या वह्या आणि पेपर मात्र जपा, गुण अचानक घसरले तर उपयोगी पडतील.

"डॉक्टरांना दाखवा" हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला. सल्ला म्हणून तो वाईट नाही. मुलगा वाचताना का अडखळतो, बोलण्याची अडचण आहे की अक्षरं ओळखण्याची, हे वाचा-उपचारतज्ज्ञाला नक्की दाखवा. पण तुम्ही सरांबद्दल बोलायला गेलात आणि बाहेर पडलात ते मुलात खोट आहे हे ऐकून. दोन्ही गोष्टींची गल्लत शाळेला करू देऊ नका. अडचण निघाली तर उलट शाळेची जबाबदारी वाढते.

मुलगा "येऊ नकोस" म्हणतो त्यात त्याचं काही चुकत नाही. तुम्ही तासाभराने घरी येणार, त्याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसायचंय. म्हणून अर्ज देण्याआधी त्याला सांगा, त्याच्या पाठीमागे काही करू नका. अर्ज वाचून दाखवा. एखादी गोष्ट लिहू नको म्हणाला तर ती वगळा. "सर आता तुला कधीच काही बोलणार नाहीत" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. काही झालं तर तू मला सांग, मी आरडाओरडा करणार नाही, एवढं म्हणा आणि पाळा. पहिल्या वेळी त्याने का सांगितलं नाही, याचं उत्तर कदाचित त्यातच असेल.

शाळा बदलावी लागली तर तीही काही हार नाही. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब द्यायचा असतो, अडवून ठेवता येत नाही. फक्त जाताना अर्ज देऊनच जा. तुमचा मुलगा गेला तरी सर त्याच वर्गावर असणार आहेत.

राहिले मिस्टर. "आम्ही मार खाल्ला, बिघडलो का?" याला वादात उत्तर नसतं, म्हणून वाद घालू नका. ते पुस्तक त्यांच्या हातात द्या, आकडे दाखवा, आणि मुलगा झोपल्यावर त्यांना एकट्याला पाहू द्या. मग अर्ज द्यायला दोघांनी मिळून जा. एकट्या आईला "तुम्ही फार मनाला लावून घेता" म्हणणं सोपं जातं. समोर दोघं बसले आणि त्यातला एक जण वहीत लिहून घेत असला की तेच वाक्य तोंडातून निघायला जरा वेळ लागतो. कार्यालयं सकाळीच गाठलेली बरी, तेव्हा त्यांना अर्ध्या दिवसाची रजा आताच टाकायला सांगा.