शुक्रवारपर्यंत ४०,००० डॉलर भरायचे का?

वाचकाचा प्रश्न: मी सहा वर्षं परदेशात नोकरी करतोय. सात आठवड्यांपूर्वी एका गुंतवणूक कंपनीतून फोन आला. माणूस अतिशय अदबीने बोलतो, आईच्या ऑपरेशनचीही आठवणीने चौकशी करतो. त्याच्या सांगण्यावरून लवकरच बाजारात येणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचे ५,००० डॉलरचे शेअर घेतले. त्यांच्या वेबसाइटवर आज त्यांची किंमत ७,१०० दिसते. खात्री करायला ३०० डॉलर काढून पाहिले, ते दोन दिवसांत बँकेत आले. आता लिस्टिंगआधीचा, म्हणजे शेअर बाजारात नोंदले जाण्याआधीचा, शेवटचा हिस्सा म्हणून शुक्रवारपर्यंत ४०,००० भरा असा आग्रह आहे. २५,००० ची मुदत ठेव मोडून आणि अडीअडचणीचे १५,००० घालून रक्कम उभी राहते. सगळी मिळून साठवण ७०,००० आहे. कंपनीचा नोंदणी क्रमांक नियामकाच्या यादीत पाहिला, तो खरा निघाला. सौदा पक्का होईपर्यंत कोणाशी बोलू नका असं त्यांनी सांगितल्यामुळे घरी अजून काही बोललेलो नाही. पैसे भरू का?

भरू नका. ४०,००० नाहीत आणि ४०० सुद्धा नाहीत. शुक्रवार जवळ आलाय म्हणून उत्तर आधी दिलं. कारणं मात्र सावकाश सांगणार आहे, कारण ती मनापासून पटली नाहीत तर गुरुवारी रात्री त्याचा फोन येईल तेव्हा तुम्ही एकटे असाल, आणि समोरच्याचा नकार मोडून काढणं हा त्याचा रोजचा सराव आहे.

हा माणूस खरा की खोटा, याचा निवाडा करत बसू नका. त्यात अडकलात की तो पुरावे देत राहील आणि तुम्ही तपासत राहाल. परदेशात राहणाऱ्या माझ्या ग्राहकांना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: उद्या काही बिघडलं, तर मी कोणाच्या दारात जाऊन उभा राहणार?

तुमच्या बाबतीत उत्तर शोधून पाहा. तुम्ही राहता एका देशात. फोन करणारा आपलं ऑफिस दुसऱ्या देशात आहे म्हणतो. शेअर तिसऱ्या देशातल्या कंपनीचे. पैसे ज्या खात्यात पाठवलेत ते खातं बहुधा चौथ्याच ठिकाणी आहे. पावती काढून बघा, खातं कोणाच्या नावावर आहे? या धंद्यात ते बरेचदा गुंतवणूक कंपनीच्या नावावर नसतंच, कुठल्यातरी ट्रेडिंग किंवा कन्सल्टन्सी फर्मच्या नावावर असतं. पोलिसांकडे गेलात तर संशयित त्यांच्या हद्दीत नाही. तिकडच्या नियामकाला लिहिलंत तर प्रत्यक्ष फोन करणारे त्यांच्याकडे नोंदलेलेच नाहीत. हे चुकून घडत नाही, मांडणीच तशी केलेली असते. अशा फोनवरच्या विक्रीच्या अड्ड्यांना ‘बॉयलर रूम’ म्हणतात, आणि परदेशात नोकरी करणारे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक आहेत. हाती शिल्लक असते, राहत्या देशाच्या कायद्यांची नीट ओळख नसते, आणि ज्यांना सहज विचारलं असतं ती माणसं हजारो मैलांवर असतात. आईच्या ऑपरेशनची चौकशी त्याच रिकाम्या जागेवर नेमकी जाऊन बसते. तुम्हाला ती आपुलकी वाटली यात तुमचं काहीही चुकलेलं नाही.

आता शेअरबद्दल. कंपनी खरोखर अस्तित्वात आहे, प्रमाणपत्रही मिळालंय, मग फसवणूक कुठे आहे, असं तुमच्या मनात येत असेल. अमेरिकेत १९९० पासून ‘रेग्युलेशन एस’ नावाचा नियम आहे. त्यानुसार एखादी कंपनी अमेरिकेबाहेरच्या लोकांना शेअर विकत असेल, तर त्या विक्रीची नोंदणी तिथल्या एसईसी या नियामकाकडे करावी लागत नाही. प्रामाणिक कंपन्यांना परदेशातून भांडवल उभारता यावं हा त्यामागचा हेतू. पण बॉयलर रूमवाल्यांना त्यात आयती वाट सापडली. अशा शेअरांवर बहुतेक वेळा निर्बंध असतात. ठरावीक मुदतीपर्यंत ते अमेरिकी व्यक्तींना विकता येत नाहीत, आणि प्रमाणपत्रावर तशी बारीक अक्षरांत नोंद असते. परदेशातल्या माणसाला चढ्या भावाने ते विकायचे, आणि मुदत संपेपर्यंत त्याच्या हातात कागदाशिवाय काहीच उरू द्यायचं नाही, अशी ही चाल. कंपनी खरी, शेअर खरे, प्रमाणपत्रही खरं, फक्त ते विकत घेणारा कोणी नाही. तुमच्या कागदावर ‘रेस्ट्रिक्टेड’ (निर्बंध असलेला) हा शब्द आहे का ते आज शोधा. तो नसला तरी लगेच निर्धास्त होऊ नका, कारण कागद घरच्या प्रिंटरवरही छापता येतो.

नोंदणी क्रमांक तपासलात हे चांगलं केलंत, पण तो तपास एक पायरी आधीच थांबला. खऱ्या, परवानाधारक कंपनीचं नाव, पत्ता आणि क्रमांक उचलायचा, आणि फोन व ईमेल तेवढे आपले द्यायचे, ही जुनी पद्धत आहे. अशा बनावट कंपन्यांना ‘क्लोन’ म्हणतात. म्हणून क्रमांक जुळला याला फारसा अर्थ नाही. नियामकाच्या नोंदवहीत त्या कंपनीचा जो फोन दिलेला आहे, त्यावर तुम्ही स्वतः फोन करा आणि या नावाचा माणूस तुमच्याकडे काम करतो का, असं विचारा. त्याने दिलेल्या नंबरवर नको. मोबाईलच्या पडद्यावर दिसणाऱ्या नंबरवरही भरवसा नको, तो हवा तसा बदलून दाखवता येतो. ब्रिटनचा नियामक एफसीएची इशारा यादी, सिंगापूरचा नियामक एमएएसची गुंतवणूकदार इशारा यादी, अमेरिकेच्या एसईसीची ‘पॉज’ यादी या सगळ्यांना पाहायला खुल्या आहेत. जगभरच्या नियामकांची संघटना आयओएससीओ देशोदेशीचे इशारे एकत्र करते, त्यासाठी तिने २०२५ मध्ये ‘आय-स्कॅन’ नावाची शोधसुविधाही सुरू केली. नाव या याद्यांत सापडलं तर विषय संपला. सापडलं नाही तर त्याचा अर्थ एवढाच, की अजून कोणी तक्रार केलेली नाही किंवा नाव नवं आहे. ही मंडळी काही महिन्यांत पाटी बदलतात.

मग ते ३०० डॉलर? ते आले म्हणूनच तुमचा विश्वास बसला, आणि तेवढ्यासाठीच ते पाठवलेले असतात. तुमच्याच ५,००० मधले ३०० परत दिले की ४०,००० ची वाट मोकळी होते. हे माहीत असूनही हुशार, हिशेबी माणसं त्यावर विसंबतात, कारण पैसा काढून बघणं ही खरंच शहाणपणाची चाचणी आहे. पण थोडी रक्कम काढून काही कळत नाही. सगळी रक्कम काढायला गेलात की कळतं. आज लेखी कळवा: माझे सगळे शेअर विकून पैसे माझ्या नावावरच्या बँक खात्यात जमा करा. मग काय उत्तर येतं ते पाहा. ‘आत्ता विकलं तर नुकसान होईल’, ‘मोठा हिस्सा घेतल्याशिवाय विक्रीची मुभा नाही’, ‘आधी कर भरा’, ‘मुक्तता शुल्क लागेल’. यातलं काहीही आलं तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. खरा दलाल आपलं शुल्क विक्रीच्या रकमेतून कापून घेतो. पैसे सोडवण्यासाठी तो आधी बाहेरून पैसे मागत नाही.

७,१०० हा वेबसाइटवरचा आकडा आहे, आणि वेबसाइट त्यांची आहे. अमेरिकेत गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांना फसवणारा बर्नार्ड मेडॉफ २००८ मध्ये पकडला गेला, तेव्हा त्याच्या ग्राहकांच्या पत्रकांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते. प्रत्यक्ष बुडालेली मुद्दल होती साधारण १७.५ अब्ज. बाकीचा आकडा निव्वळ छापलेला होता. तुमचे २,१०० डॉलरही अजून कोणी तुम्हाला दिलेले नाहीत. ते ‘गमावण्याची’ भीती वाटत असेल, तर ती मनातून काढून टाका.

क्षणभर धरून चालू, की हे सगळं खरं आहे. माणूस प्रामाणिक, कंपनी उत्तम. तरीही माझं उत्तर हेच असतं. ५,००० अधिक ४०,००० म्हणजे ४५,०००, म्हणजे तुमच्या साठवणीचा जवळजवळ ६४ टक्के हिस्सा एका अशा शेअरमध्ये, जो आज विकता येत नाही आणि ज्याचा भाव फक्त विकणारा सांगतो. आणि त्यातले १५,००० अडीअडचणीचे. हा पैसा परदेशातल्या नोकरदाराला जास्तच जपावा लागतो. मायदेशी नोकरी गेली तर माणूस घरी बसून दुसरी शोधतो. परदेशात अनेकांचा राहण्याचा परवानाच नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्या दिवसांत भाडं, मुलांची शाळा, विमानाची तिकिटं, सामान हलवणं, सगळं एकदम अंगावर येतं. त्या दिवशी लिस्टिंगची वाट पाहणारे शेअर कामाला येत नाहीत. आता याच्या बदल्यात मिळणार काय? अशा फोनवर महिन्याला दोन टक्के हा आकडा सहज फेकला जातो, म्हणून मुद्दाम मांडून दाखवतो: दरमहा दोन टक्के चक्रवाढीने वर्षाला पावणेसत्तावीस टक्क्यांच्या वर जातात. इतका खात्रीचा परतावा कोणाला मिळत असता, तर त्याने बँकेतून कर्ज काढून स्वतःच सगळा हिस्सा उचलला असता. अनोळखी माणसांना फोन करत बसला नसता.

कोणी म्हणेल, चांगल्या कंपन्याही फोन करतात. करतात. पण ज्याने फोन केला त्याच्याकडून, त्याच फोनवर, त्याने ठरवलेल्या तारखेला खरेदी न केल्यामुळे कोणाचं आयुष्य बिघडलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१९ पासून पेन्शनबद्दल असे अनाहूत फोन करायला, मोजके अपवाद सोडले तर, कायद्यानेच बंदी आहे. लोकांची आयुष्यभराची पुंजी एका संभाषणात हलवली जात होती म्हणून ती आली. दुसऱ्या देशातून फोन करणाऱ्याला मात्र त्या बंदीची फिकीर नसते.

त्याला नकार देताना कारण सांगू नका. कारण दिलंत की तो त्याचं खंडन करतो, हे त्याच्यापुढे लिहून ठेवलेलं असतं. ‘मी फोनवर गुंतवणूक करत नाही, पुन्हा फोन करू नका’ एवढं म्हणा आणि त्याचं पुढचं वाक्य ऐकण्याआधी फोन ठेवा. हे उद्धट वाटेल. मोठ्यांशी आदराने बोलायचं, समोरच्याला तोडायचं नाही या वळणात वाढलेल्या आपल्या लोकांना हेच सगळ्यात जड जातं, मला ठाऊक आहे. तरी ठेवा. मग नंबर ब्लॉक करा. त्याआधी त्याचे सगळे ईमेल, मेसेज, पावत्या, खाते क्रमांक, फोनच्या तारखा एका ठिकाणी जतन करा. त्यांची वेबसाइट कधीही गायब होऊ शकते, म्हणून स्क्रीनशॉट घ्या.

उद्या सकाळी पहिलं काम बँकेचं. ५,००० डॉलर बँक हस्तांतरणाने गेले असतील तर रक्कम परत मागवण्याची विनंती करा. कार्डाने भरले असतील तर व्यवहारावर वाद दाखल करता येतो का ते विचारा. सात आठवडे होऊन गेलेत, त्यामुळे फार आशा ठेवू नका, पण विचारायचं सोडू नका. पासपोर्टची प्रत त्यांना दिली असेल तर तेही बँकेला सांगा. ‘खातं उघडायला मदत करतो’ म्हणून त्यांनी दुरून संगणक हाताळता येणारं एखादं ॲप बसवायला लावलं असेल, तर ते काढून टाका आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. तक्रार दोन ठिकाणी नोंदवा: तुम्ही राहता तिथल्या पोलिसांकडे, आणि ज्या देशाच्या कंपनीचं नाव त्यांनी वापरलंय तिथल्या नियामकाकडे. तुमचे पैसे त्यातून परत येतीलच असं नाही, पण इशारा यादीत नाव याच तक्रारींमुळे चढतं.

मुदत ठेव आहे तशीच राहू द्या. ते ५,००० हिशेबात शून्य धरा. काही परत आलं तर आलं. ते सोडवण्यासाठी आणखी एक डॉलर घालायचा नाही. बुडत्याचा पाय खोलात जातो तो इथेच.

आणखी एक इशारा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही महिन्यांनी तुम्हाला दुसरा फोन येईल. एखादा वकील, वसुली संस्था, कधी चक्क नियामकाचा अधिकारी म्हणून कोणीतरी सांगेल, की तुमचे अडकलेले शेअर घ्यायला गिऱ्हाईक मिळालंय, किंवा त्या टोळीचा पैसा जप्त झालाय आणि तुमचा वाटा तयार आहे. फक्त थोडी फी आधी भरायची. त्याला तुमचं नाव, रक्कम, शेअरची संख्या सगळं अचूक माहीत असेल, कारण ज्यांनी आधी पैसे दिले त्यांच्या याद्या या धंद्यात विकल्या जातात. परदेशात नर्स म्हणून काम करणारी माझी एक ग्राहक पहिल्या फटक्यातून सावरली होती. तिने घरखर्च पुन्हा रुळावर आणला होता. या दुसऱ्या फोनने तिचं पहिल्यापेक्षा जास्त नुकसान केलं. पहिल्यांदा ती नफ्यासाठी गेली होती, दुसऱ्यांदा चूक दुरुस्त करायला गेली, आणि चूक दुरुस्त करणाऱ्या माणसाला कोण अडवणार? मलाही तिने पैसे गेल्यावरच सांगितलं.

म्हणून घरी आज रात्रीच सांगा. गुप्ततेची अट त्यांनी घातली, कारण तुमच्या घरातल्या दुसऱ्या माणसाने एक साधा प्रश्न विचारला असता तर ५,००० सुद्धा गेले नसते. ५,००० ची गोष्ट सांगायला कठीण जाईल, पण ४५,००० ची सांगण्यापेक्षा कितीतरी सोपी. आणि तो दुसरा फोन येईल तेव्हा निर्णय घेण्याआधी मला लिहा. रात्री-अपरात्री लिहिलंत तरी चालेल.