देणगीदार शोधायचेत? आधी सज्जे बघा

जुन्या वास्तूंच्या आश्रयदात्यांचा शोध पोलंडमधल्या श्विदनित्साच्या लाकडी चर्चपासून सुरू करताय, छान. पण वास्तुविशारदाच्या नावापाशी थांबू नका. ते सहज मिळतं: ब्रेस्लाउचा (आजचं व्रोत्सवाफ) आल्ब्रेख्त फॉन झेबिश, बांधकाम १६५६-५७. पैसा आणि लाकूड कुणाचं, हा खरा प्रश्न.

त्यासाठी तीस वर्षांचं युद्ध संपवणारा १६४८ चा वेस्टफालियाचा तह वाचा. कॅथलिक सम्राटाने सायलेशियातल्या (श्विदनित्सा याच प्रांतात) प्रोटेस्टंटांना हे धरून तीन चर्चना परवानगी दिली, तीही शहराच्या तटाबाहेर आणि स्वखर्चाने. वर अटी: दगड-विटा नाहीत, मनोरा नाही. म्हणजे राजाश्रय शोधत बसणं व्यर्थ. आश्रयदाते म्हणजे सरदार, कारागिरांचे संघ आणि सामान्य भाविक.

आता आत जा. सज्ज्यांच्या कठड्यांवरची कुलचिन्हं आणि संघांची चिन्हं ही जवळजवळ देणगीदारांची यादीच समजा. प्रत्येकाचा फोटो घ्या, जागेसकट. होखबेर्ग या सरदार घराण्याचा खास कक्ष उगाच नाही. काउंट होखबेर्गने बांधकामासाठी सुमारे २००० ओक दिले होते.

फक्त एक सांभाळा. वेदी १७५२ ची, व्यासपीठ १७२९ चं. त्यांच्यावरून मूळ आश्रयदाते ठरवलेत तर शतकभराची गफलत होईल.

कागदपत्रं जर्मनमध्ये, तेव्हा शोध 'श्वायडनिट्स' या जुन्या नावानेही घ्या. हस्ताक्षर बहुधा कुरेंट, म्हणजे जुन्या जर्मन जोडाक्षरी वळणाचं. मोडी शिकलेल्यांना हा जाच नवा नाही. छापील पानांवर आधी हात बसवा, मग हस्तलिखितांकडे वळा. त्या तिघांतलं यावॉरचं चर्च (१६५४-५५) तुलनेला घ्याच. तिसरं, ग्लोगूफचं, १७५८ मध्ये जळालं.