भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीला पहिल्यांदा जातोयस ना?
पावसाळ्यात सांदणचं नावही काढू नकोस. घळ इतकी अरुंद की वरून लोंढा आला तर पळायला जागाच नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम. रात्रीची कसारा लोकल पकड, तिथून दरीजवळच्या साम्रद गावापर्यंतची जीप आधीच सांगून ठेव.

घळीत डबकी लागतात, पाणी बर्फासारखं. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, कोरडे मोजे सॅकमध्ये ठेव. आणि जीन्स नको रे बाबा! माझी ओली जीन्स दिवसभर मांड्या सोलत होती.

खाली डेहणे गावाकडे उतरायचं तर रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं आहे. दोर आणि जाणता माणूस नसेल तर पहिल्या कड्यावरूनच मागे फिर.

साम्रदच्या झाडीत मान वर करून चाल. फांद्यांत काटक्यापानांचा गोळा दिसला की थांब, गप्पा बंद. शेकरूचं घरटं असू शकतं.