स्लॅब वेळेवर, मग ताबा उशिरा का?

व्यापारी इमारतींच्या वेळापत्रकाबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : आठ मजली ऑफिस इमारतीचं काम माझ्याकडे आहे. शेवटचा स्लॅब ठरल्या तारखेच्या आठवडाभर आधी भरून झाला. त्याला चार महिने झाले, तरी ताबा देण्याची चिन्हं नाहीत. चुकलं कुठे?

स्लॅब दिसतो, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर असते. ताबा अडतो तो लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल, चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र), जनरेटर आणि दर्शनी काचेपाशी. या वस्तू तयार मिळत नाहीत, ऑर्डर दिल्यावर कारखान्यात बनतात. म्हणून त्यांच्यापुरतं वेळापत्रक ताब्याच्या दिवसापासून उलटं मोजायचं.

लिफ्टचंच बघा. समजा ताबा ६०व्या आठवड्याच्या अखेरीस द्यायचा आहे. परवान्याची तपासणी २ आठवडे, त्याआधी चाचणी आणि जुळवणी २, त्याआधी प्रत्यक्ष बसवणं ६. म्हणजे माल ५०व्या आठवड्यात साइटवर हवा. पुरवठादाराने उत्पादन आणि वाहतुकीला १६ आठवडे मागितले, तर ड्रॉइंग ३४व्या आठवड्यात मंजूर झालेलं असलं पाहिजे. ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीला ४ आणि कोटेशन, करार यांना ४ आठवडे धरले की आपण २६व्या आठवड्यावर येतो. त्या वेळी इमारत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असते आणि लिफ्टचं नावही कोणी काढत नाही.

यात एक खोच आहे. लिफ्टच्या खड्ड्याची खोली, शाफ्टचं (लिफ्ट वरखाली जाते त्या पोकळीचं) माप आणि वरच्या मजल्यावर लागणारी मोकळी उंची मॉडेलप्रमाणे बदलते आणि खड्ड्याचं काँक्रीट तर पायाच्या कामातच भरलं जातं. तेव्हा ऑर्डर नंतर द्या, पण मॉडेल पाया भरण्याआधी नक्की करा. शाफ्टचा ओळंबा प्रत्येक मजल्यावर तपासा आणि तोही तळापासून. खालच्या मजल्याशी तुलना केली तर दर मजल्याची थोडी थोडी चूक साठत जाते आणि शेवटी काँक्रीटची भिंत छिन्नीने फोडायची पाळी येते. लिफ्ट बसवायला तात्पुरती वीज एखाद वेळेस चालेल; अंतिम चाचणीला मात्र कायमचा थ्री-फेज पुरवठाच लागतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि वीजजोडणी लिफ्टच्याही आधी. हेच उलटं गणित वर सांगितलेल्या प्रत्येक वस्तूसाठी कागदावर मांडा आणि प्रत्येक तारखेपुढे निर्णय घेणाऱ्या एकाच माणसाचं नाव लिहा. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघतात.

प्रश्न : दर स्लॅबला १० दिवस धरले होते, प्रत्यक्षात १४ लागतात. ठेकेदार म्हणतो माणसं कमी पडतात. माणसं वाढवू का?

आधी एका स्लॅबची तासावार नोंद ठेवा. माणसं काम करत असताना दिवस फारसे वाया जात नाहीत. एका टोळीचं काम संपून दुसरीचं सुरू होईपर्यंतच्या खिंडीत ते जातात.

ठरलेला क्रम असा : सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा), बीमची सळई, स्लॅबची खालची जाळी, मग विजेचे पाइप, बॉक्स आणि प्लंबिंगचे स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या नळ्या), त्यानंतर चेअरवर (वरची सळई उचलून धरणाऱ्या आधारांवर) वरची सळई, साफसफाई, तपासणी, काँक्रीट. इलेक्ट्रिशियन वरची सळई बांधून झाल्यावर आला, तर तो बांधलेल्या तारा सोडतो, जाळीवर पाय देतो, चेअर वाकतात. वरची सळई खाली बसते, कव्हरचं (सळईवरच्या काँक्रीटच्या थराचं) माप बिघडतं आणि तपासणीला आलेला इंजिनिअर काम परत पाठवतो. दिवस गेला. यावर उपाय माणसं वाढवणं नाही. खालची जाळी संपण्याच्या आदल्या संध्याकाळी इलेक्ट्रिशियनच्या मुकादमाला निरोप गेला पाहिजे. तपासणीही शेवटी एकदम ठेवू नका. बीम बांधले त्याच दिवशी बीम बघून घ्या. शेवटच्या सकाळी फक्त वरची सळई आणि साफसफाई उरेल.

दिवस जाण्याची दुसरी जागा म्हणजे प्रॉप, स्लॅबखालचे टेकू. ओल्या स्लॅबचं वजन खालच्या मजल्यांनाही पेलायचं असतं, म्हणून तिथले प्रॉप लगेच काढता येत नाहीत. किती मजले आणि किती दिवस, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या आणि त्या हिशोबाने प्रॉपचे सेट मोजा. सेट कमी असतील तर सुतार नुसते बसून राहतात आणि मग प्रॉप लवकर काढायचा मोह होतो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला ७ दिवसांत २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेली असेल किंवा थंडी असेल तर त्याहून कमी. त्यामुळे स्लॅबशेजारीच, त्याच हवेत ठेवलेल्या क्यूबचा (त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांचा) निकाल बघितल्याशिवाय प्रॉपला हात लावू नये. इथे घाई म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरी जागा क्रेनचा हुक. एक फेरी ६ मिनिटांची धरली तरी १० तासांत जेमतेम १०० फेऱ्या होतात. सळई, शटरिंगच्या प्लेट, ब्लॉक, पाइप सगळं त्याच हुकावर चढतं. हुकाचा दिवस भरलेला असेल तर वाढवलेली माणसं खाली उभी राहून मालाची वाट बघतील.

हे सगळं निस्तरूनही दिवस कमी पडत असतील तर माणसं वाढवा, पण फक्त क्रिटिकल पाथवरच्या कामाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी क्रिटिकल पाथची ही पद्धत तयार केली. तिचा गाभा असा की ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते, तिथेच जादा खर्च केल्याने दिवस वाचतात. बाकी ठिकाणी ओव्हरटाइम दिला तर काम लवकर संपून तसंच पडून राहतं.

प्रश्न : ठेकेदार दर आठवड्याला '८० टक्के झालं' म्हणतो. खरं कसं ओळखायचं?

टक्केवारी ऐकूच नका. खोल्या मोजा. खोली पूर्ण झाली तर १, नाही तर ०. अधलंमधलं काही नाही. प्लास्टर झालं, पण स्विचबोर्डाभोवतीची भर राहिली, तर ती खोली ०. दर सोमवारी प्रत्येक मुकादमाने त्या आठवड्यात पुरी होणारी कामं स्वतःच्या तोंडाने सांगावीत, शनिवारी त्यांतली किती पुरी झाली ते मोजावं आणि राहिलेल्या प्रत्येक कामापुढे एकच कारण लिहावं : ड्रॉइंग नाही, माल नाही, जागा मोकळी नाही, आधीचं काम अपुरं, माणसं नाहीत. चार-सहा आठवड्यांत एकच कारण पुन्हा पुन्हा वर आलेलं दिसेल. तिथे हात घाला. मुकादमावर ओरडण्यासाठी हा तक्ता वापरू नका, नाहीतर पुढच्या सोमवारपासून तो खोटं सांगायला लागेल.

प्रश्न : घाईत लावलेलं व्हिनाइलचं फ्लोअरिंग महिन्याभरात फुगलं. सगळं काढून परत करावं लागतंय. चिकटवणाऱ्याची चूक का?

बहुतेक वेळा नाही. खालच्या स्क्रीडमध्ये, म्हणजे फ्लोअरिंगखालच्या सिमेंटच्या सपाट थरात, ओल राहिलेली असते. चांगल्या हवेत साधा स्क्रीड वाळायला पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला साधारण एक दिवस धरतात, त्याहून जाड थराला आणखी जास्त. म्हणजे ५० मिलिमीटरच्या थराला सुमारे ५० दिवस. वेळापत्रकात मात्र 'फ्लोअरिंग – ६ दिवस' एवढीच ओळ असते, वाळण्याचे दिवस कोणी लिहीतच नाही. ते वेगळी ओळ करून लिहा.

वरून कोरडा दिसतो म्हणून स्क्रीड वाळला असं होत नाही. आर्द्रतामापकाने मोजा आणि आकडा फ्लोअरिंगच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत आहे का ते बघा. स्क्रीडचं क्युअरिंग (ओलं ठेवून घट्ट होऊ देणं) संपल्यावर त्या मजल्यावर पाण्याने धुणं बंद ठेवा; प्लंबिंगच्या पाइपांची दाबचाचणी स्क्रीडच्या आधीच उरका. दिवस खरंच नसतील तर लवकर वाळणारा स्क्रीड घ्या. महाग पडतो, पण दुसऱ्यांदा फ्लोअरिंग करण्यापेक्षा स्वस्त.

आणि वाळण्याचे दिवस मोजायचे ते क्युअरिंग संपून मजला पावसापासून बंद झाल्यावर. खिडक्यांच्या काचा लागल्या नसतील आणि एक जोराची सर आत आली, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. तुमच्या फ्लोअरिंगची तारीख काचेच्या ऑर्डरच्या तारखेला बांधलेली आहे. वेळापत्रकात या दोन ओळी एकमेकींना जोडलेल्या आहेत का, ते आजच बघा.