ऑस्ट्रेलियात सरकारने वीजबिलात दिलेले डॉलर ही रेवडीच नाही का?

तुमच्या मेहुण्याने ब्रिस्बेनहून शून्य रकमेचं वीजबिल पाठवलं, आणि आपल्याकडे लाडक्या बहिणीचे १५०० रुपये रेवडी ठरतात तर मग हे काय, असा तुमचा प्रश्न आहे. मीही ब्रिस्बेनलाच असतो, तसली बिलं माझ्याकडेही आली. माझ्या मते ही रेवडीच, आणि आपल्याहून सढळ हाताची. लाडक्या बहिणीला निदान अडीच लाखांच्या कौटुंबिक उत्पन्नाची अट आहे. इथे पेन्शनवर जगणाऱ्या आजीला जेवढे मिळाले तेवढेच खाणमालकालाही मिळाले. अर्ज नाही, आधार नाही, केवायसी नाही; वीज कंपनीने परस्पर बिलातून वजा केले.

आता शून्य कसं आलं ते. केंद्रातल्या लेबर सरकारचे अर्थमंत्री जिम चाल्मर्स यांनी १४ मे २०२४ च्या बजेटमध्ये प्रत्येक घराला ३०० डॉलर जाहीर केले, दर तिमाहीला ७५ याप्रमाणे. खर्च साडेतीन अब्ज डॉलर. त्यावर आमच्या क्वीन्सलँड राज्य सरकारने घरटी आणखी १००० डॉलर एकरकमी जमा केले. राज्याकडे पैसा होता, कारण २०२२ मध्ये त्यांनी कोळशावरची रॉयल्टी वाढवली होती. राज्याची निवडणूक ऑक्टोबर २०२४ मध्ये होती, हे वेगळं सांगायला नको. लोकांनी डॉलर घेतले आणि मुख्यमंत्री स्टीव्हन माइल्स यांचं लेबर सरकार घालवलं. आपल्याकडच्या पक्षांनी याचा अभ्यास करायला हरकत नाही.

दिल्लीसारखीच कॅनबेरातही खडाजंगी झाली. विरोधी लिबरल-नॅशनल आघाडीचं म्हणणं असं की सरकार एवढा पैसा बाजारात ओततंय, याने महागाई वाढेल. सरकारचं म्हणणं बरोबर उलट: या सवलतींमुळे महागाईचा दर साधारण अर्ध्या टक्क्याने खाली येईल. दोघांचं एकाच वेळी ऐकलं तर डोकं फिरतं, म्हणून जरा खोलात जातो.

इथलं सांख्यिकी खातं महागाई मोजताना घराने विजेपोटी खिशातून किती दिले ते धरतं. सरकारने बिल भरलं की खात्याच्या लेखी वीज स्वस्त झाली, कंपनीचा दर तसूभर न हलताही. सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत विजेचे भाव १७.३ टक्क्यांनी पडल्याची नोंद झाली. सवलती नसत्या तर ते ०.७ टक्क्याने वाढले असते. वार्षिक महागाई ३.८ वरून २.८ टक्क्यांवर आली, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या २ ते ३ टक्क्यांच्या पट्ट्यात बसली. (पेट्रोलही त्या वेळी उतरलं होतं, सगळं श्रेय बिलांना नाही.) चाल्मर्स यांनी हा आकडा मिरवला. पण रिझर्व्ह बँक फार वरखाली होणाऱ्या वस्तू वगळूनही महागाई मोजते. तो आकडा तेव्हा ३.५ टक्के होता, आणि गव्हर्नर मिशेल बुलक यांनी तोच धरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ४.३५ टक्क्यांवर नेलेला व्याजदर फेब्रुवारी २०२५ पर्यंत खाली आला नाही.

इथली बहुतेक मराठी कुटुंबं बदलत्या व्याजाच्या गृहकर्जात अडकलेली आहेत. सहा लाख डॉलर कर्ज असेल तर पाव टक्का व्याज म्हणजे वर्षाला सुमारे १५०० डॉलर. त्यापुढे ३०० ची काय कथा? गणपतीच्या जेवणाच्या पंगतीला बजेटचा विषय निघाला की सवलतीवर दोन वाक्यं होतात आणि हप्त्यांवर तासभर.

महागाईच्या या दबलेल्या आकड्याचा फटका बसला तो पेन्शनवाल्यांना. पेन्शन वर्षातून दोनदा महागाई आणि पगारवाढ बघून वाढवतात. एकट्या माणसाची पेन्शन सप्टेंबर २०२४ मध्ये पंधरवड्याला २८.१० डॉलरने वाढली होती. मार्च २०२५ ची वाढ फक्त ४.६० डॉलर. महागाईचा आकडा दबला की ही वाढही दबते. बेरोजगार भत्ता तर निव्वळ महागाईच्या आकड्यावर चालतो, तो ३.१० डॉलरने वाढला. एका हाताने बिलात दिलं, त्यातलं काही दुसऱ्या हाताने भत्त्यातून काढलं. बिलातली सवलत संपली तरी त्या काळात न झालेली वाढ कोणी परत आणून देत नाही. संसदेत यावर म्हणावी तशी चर्चा झालेली मला दिसली नाही. दोन्ही बाजूंना तो मुद्दा सोयीचा नव्हता.

पुढचं बजेट २५ मार्च २०२५ ला, निवडणुकीच्या तोंडावर. वीजबिलात आणखी १५० डॉलर, आणि सर्वांत खालच्या टप्प्याचा प्राप्तिकर १६ टक्क्यांवरून जुलै २०२६ मध्ये १५ आणि २०२७ मध्ये १४. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २६८ डॉलर वाचणार. विरोधकांनी ‘दिवसाला सत्तर सेंट’ म्हणून टर उडवली, करकपातीला विरोध केला. १५० डॉलरना मात्र पाठिंबा दिला! दोन दिवसांनी त्यांचे नेते पीटर डटन यांनी पेट्रोलवरचा कर निम्मा करू, लिटरमागे २५ सेंट वाचतील, असं सांगितलं, तेही एका वर्षापुरतं. थोडक्यात, रेवडी द्यायची की नाही हा वाद नव्हताच. कुठल्या दुकानातून द्यायची एवढाच होता. ३ मे ला लेबरने १५० पैकी ९४ जागा घेतल्या आणि डटन यांची स्वतःची, आमच्या ब्रिस्बेनच्या उत्तरेची डिक्सनची जागाही गेली.

क्वीन्सलँडचे १००० डॉलर नव्या सरकारने पुढे दिले नाहीत. केंद्राची सवलतही चाल्मर्स यांनी डिसेंबर २०२५ मध्ये थांबवली. राज्यांच्या सवलती संपल्यावर ऑक्टोबर २०२५ च्या आकड्यांत वीज वर्षभरात ३७ टक्क्यांच्या आसपास महागलेली दिसली. कंपन्यांनी दर काही एवढे वाढवले नव्हते, झाकण काढलं गेलं इतकंच.

लाडक्या बहिणीशी तुलना म्हणाल तर एका बाबतीत मला आपली योजना उजवी वाटते. पैसे बाईच्या खात्यात येतात आणि ते शाळेच्या फीला की औषधाला हे ती ठरवते. इथे पैसे वीज कंपनीकडेच जायचे. दुसऱ्या बाबतीत आपलं दुखणं मोठं आहे: ती दरमहाची योजना आहे, बंद करणं कुठल्याही सरकारला जड जाईल, आणि २१०० चं आश्वासन देऊन बसलेल्यांनी मार्च २०२५ च्या राज्याच्या बजेटमध्ये ते पाळलं नाही.

या सगळ्या गदारोळात मला पटलेली सवलत एकच, आणि ती वीजबिलातली नाही. ५ ऑगस्ट २०२४ पासून क्वीन्सलँडमध्ये सरकारी बस, ट्रेन, फेरी, कितीही लांब जा, भाडं ५० सेंट. सुरुवातीला सहा महिन्यांचा प्रयोग होता. आता ते कायम झालंय, सत्ता बदलूनही. यात प्रवासाचा भावच उतरला. अर्थात तूट सरकारी तिजोरीतूनच भरली जाते, आणि जिथे बसच येत नाही त्या गावांना याचा काडीचा उपयोग नाही, ही तक्रार खरी आहे.