मुलाला केबलच्या कामातून बाहेर कसं काढू?

प्रश्न : मी १९८४ साली दूरसंचार खात्यात रोजंदारी मजूर म्हणून लागलो. पुढे कायम झालो, केबल स्प्लायसर (केबलचे सांधे जोडणारा) झालो, मग फोन मेकॅनिक. २०२० च्या जानेवारीत व्हीआरएस घेतली. मुलगा बारावी सायन्स, ५६ टक्के. सीईटी दोनदा दिली, जमली नाही. आता तो एका ठेकेदाराबरोबर फायबरच्या कामावर जातो. पुण्याच्या एका कंपनीत वर्षभर ‘ऑप्टिकल फायबर टेक्निशियन’चा शिकाऊ उमेदवार व्हायचं म्हणतो, महिना सात हजार देणार म्हणे. मी त्याला खड्डे खणायला शिकवलं का? जिल्ह्याच्या ठिकाणी एक संस्था ३५ हजारांत ‘सरकारी अनुदानित ५जी डिप्लोमा’ देते, तो करू द्यावा का? सरकार सबसिडी देतं म्हणजे पुढे कायम नोकरी लागते का? की तिसऱ्यांदा सीईटीला बसवू? तुम्ही त्याला समजावून सांगा. – एक वडील, जि. सांगली

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र तीन पानांचं आहे. वर फक्त त्याचा सारांश दिलाय. त्या तीन पानांतली अडीच पानं तुमच्याविषयी आहेत. मेव्हणे लग्नकार्यात चारचौघांत ‘आमचे खड्डेवाले दाजी’ म्हणून ओळख करून द्यायचे, शेजारचे क्लार्क इस्त्रीच्या शर्टात निघायचे आणि तुम्ही पायाला चिखल लावून घरी यायचात, हे सगळं तुम्ही तारीखवार लिहिलंय. मुलाविषयी अर्धं पान आहे. त्याचं स्वतःचं म्हणणं एका ओळीत आलंय : ‘त्याला ते आवडतं म्हणतो.’ ती ओळ लिहून तुम्ही लगेच सीईटीकडे वळलात. मी मात्र तिथेच थांबले.

वीस वर्षांचा मुलगा, दोनदा परीक्षेत आपटलेला, घरी कुणी धड बोलत नाही, तरी रोज सकाळी डबा घेऊन कामावर जातो आणि ‘आवडतं’ म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ मुलांना काय आवडतं हे विचारलं की ती आईकडे बघतात. तुमचा मुलगा उत्तर देतोय आणि तुम्ही मला ते उत्तर खोडून द्यायला सांगताय. ते मी करणार नाही.

आणखी एक गोष्ट, जरा स्पष्टच बोलते. याच कामावर तुम्ही घर बांधलंत, बहिणींची लग्नं केलीत, हे पत्रात तुम्हीच लिहिलंय. भर पावसात खड्ड्यात बसून शंभर पेअरची, म्हणजे तारांच्या शंभर जोड्यांची, केबल एकेक पेअर जुळवत सकाळपर्यंत सुरू करणं हे हलकं काम नव्हे. त्याला हलकं म्हणणारे मेव्हणे होते. आता तेच शब्द तुम्ही मुलाला ऐकवताय. त्याने केबलच्या कामाला जावं की नाही यावर आपण वाद घालू शकतो. पण ‘खड्डे खणायला शिकवलं का’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. त्याने फक्त त्याचाच अपमान होत नाही.

तुमच्या रागाच्या तळाशी एक खरी काळजी आहे, ती मात्र मला पटते. तुमच्या वेळी रोजंदारीच्या माणसांसाठी १९८९ ची योजना आली, तात्पुरता दर्जा मिळाला, मग कायम, मग पेन्शन. मुलाला हे मिळणार नाही. आज हे काम बहुतेक ठेकेदार आणि पोटठेकेदार करून घेतात. बिल अडकलं की पगार अडकतो. पावसाळ्यात महापालिका रस्तेखोदाईला सहसा परवानगी देत नाहीत, तेव्हा नवीन लाइन टाकणारे बसून राहतात. हे सगळं त्याला जरूर सांगा. चिखलाची भीती घालण्यापेक्षा हे सांगितलंत तर तो ऐकेल, कारण हे खरं आहे. त्याबरोबर दुसरी बाजूही सांगा : २०२३ मध्ये केंद्राने गावोगाव फायबर पोहोचवणाऱ्या सुधारित भारतनेट योजनेला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी मंजूर केले, त्यात दहा वर्षांची देखभालही धरलेली आहे. खणणाऱ्याचं काम लाइन पडली की संपतं. जोडणाऱ्याचं आणि दोष शोधणाऱ्याचं संपत नाही.

आता सबसिडी. या एका शब्दाने तुमच्या पत्रात फार घोळ घातलाय. सबसिडी म्हटलं की आपल्याला ठिबक सिंचन आठवतं : काही टक्के सरकारचे, बाकीचे आपण भरायचे. शिकाऊ उमेदवारीत शिकणाऱ्याने काही भरायचंच नसतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपनीच मुलाला दरमहा विद्यावेतन देते. २०१९ च्या नियमांनी बारावी पास उमेदवारासाठी ते किमान ७,००० रुपये ठरवलं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार या किमान रकमेचे २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, स्वतः उचलतं. आधी हे पैसे कंपनीला परत मिळायचे, २०२३ पासून ते थेट मुलाच्या खात्यात येतात. म्हणजे तुमच्या मुलाला ५,५०० कंपनी देईल आणि १,५०० सरकारकडून जमा होतील. (किमान रक्कम वाढवण्याची शिफारस २०२५ मध्ये झाली आहे, त्यामुळे सही करताना त्या दिवशीचा आकडा बघा.) कंपन्यांनी मुलं शिकवायला घ्यावीत म्हणून ही मदत आहे, नोकरीचं वचन तिच्यात कुठेही नाही. कायद्याच्या भाषेत शिकाऊ उमेदवार हा कामगारच नसतो. करारात तसं लिहिलेलं नसेल तर वर्षानंतर त्याला ठेवून घेण्याचं बंधन मालकावर नाही. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केलेल्यांना तिथल्या सर्वांत खालच्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, त्यामुळे ‘अप्रेंटिस म्हणजे पर्मनंट’ असं वाटणं साहजिक आहे. खासगी टेलिकॉम कंपनीत तसं काही नाही. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना यात मिसळू नका, ती वेगळी आहे.

मग ते ३५ हजार कशाचे? ‘सरकारी अनुदानित’ आणि ‘फी ३५ हजार’ हे शब्द एकाच पत्रकावर दिसले की पत्रक घडी घालून खिशात ठेवावं आणि घरी यावं. अनुदान आहे तर फी कसली, आणि फी आहे तर अनुदान कुठे गेलं, एवढं विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा. खरं सांगू का, तुम्हाला ती संस्था बरी वाटली ती ‘डिप्लोमा’ या शब्दामुळे. मुलगा सात हजार मिळवत शिकला तर मजूर, आणि तुम्ही ३५ हजार मोजून तेच शिकवलंत तर विद्यार्थी! खरा डिप्लोमाच हवा असेल तर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि तो पुढच्या वर्षीही करता येईल.

सीईटी तिसऱ्यांदा? त्याने स्वतःहून मागितली तर द्या.

पुण्याच्या कंपनीकडे मात्र त्याला एकट्याला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा. समजवायला किंवा भांडायला नव्हे. तिथे काय विचारायचं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. माझ्या बाजूने सांगते : करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला हवा, नुसत्या ‘जॉइनिंग लेटर’वर विश्वास नको. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे, ती नाकारणारी ओळ कुठे घुसवलेली नाही ना ते बघा. फायबर तुटतं ते बहुतेक रात्री-अपरात्रीच, आणि मग ‘चल रे’ म्हणून आधी शिकाऊ पोराला उठवतात. कायद्याने शिकाऊ उमेदवाराला सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. हे त्यांनाही माहीत असतं, पण बापाने विचारलं की जरा जास्त आठवतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मशीनचा. या धंद्यात मुलांना वर्ष वर्ष केबल ओढायला, डक्टमध्ये (केबलच्या नळीत) दोरी घालायला आणि झाकणं उचलायला लावतात. स्प्लायसिंग मशीन, म्हणजे फायबरची टोकं जोडणारं यंत्र, महाग असतं, म्हणून त्याला हात लावू देत नाहीत. वर्ष संपतं, प्रमाणपत्र मिळतं आणि पोराने स्वतः एकही जॉइंट मारलेला नसतो. म्हणून थेट विचारा : कितव्या महिन्यापासून तो क्लीव्हर (फायबर कापायचं साधन) आणि मशीन हाताळणार? आठवड्याला किती जॉइंट? ओटीडीआर हे फायबर तपासायचं यंत्र लावून तुटलेली जागा किती अंतरावर आहे हे काढायला शिकवणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी शोधा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, त्यामुळे हीच एक जागा आहे असं समजून मान डोलवू नका.

एक गोष्ट त्याला आत्ताच, ठेकेदाराकडे असतानाच सांगा. फायबरच्या त्या काचेच्या तंतूतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘लाइन बंद आहे’ असं कुणीही म्हटलं तरी टोकात डोकावून बघायचं नाही. आणि कापलेले तुकडे उघड्यावर झटकायचे नाहीत. तुमच्या तांब्याच्या तारेने कधी असा त्रास दिला नसेल, त्यामुळे हे तुमच्या लक्षात येणार नाही.

आणि त्याला समजावून सांगायची विनंती तुम्ही मला केलीत. त्याऐवजी आज जेवताना तुम्हीच त्याला फायबरच्या रंगांचा क्रम विचारा. तो सांगेल : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, मग पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, शेवटी गुलाबी आणि फिकट निळा. पहिले पाच तुमच्या पेअरमधली एक तार, पुढचे पाच दुसरी. दहा रंग तुम्हाला झोपेतही पाठ आहेत. नवीन दोनच आहेत, ते त्याच्याकडून शिकून घ्या.