करिअर मार्गदर्शन: अफेरेसिसमध्ये पुढे जायचं तर वाचायचं काय?

पत्राचा सारांश: मी ट्रान्सफ्युजन मेडिसिनमध्ये एमडी करते आहे, दुसरं वर्ष. अफेरेसिस (रक्त मशीनमधून फिरवून त्यातला हवा तो घटक वेगळा काढणं किंवा बदलणं) युनिटची पोस्टिंग मनापासून आवडली आणि त्यातच पुढे जावंसं वाटतं. पण मशीन लावण्यापलीकडे फारसं कुणी शिकवत नाही, 'करत करत येईल' म्हणतात. नेटवर माहितीचा ढीग आहे, त्यातलं विश्वासाचं कोणतं? वॉर्डातल्या डॉक्टरांसाठी या विषयावर शिक्षणसाहित्य तयार करावं असंही मनात आहे. घरचे विचारतात, एवढ्याशा विषयात करिअर होतं का?

प्रिय डॉक्टर,

आधी घरच्यांचा प्रश्न घेते. हा विषय लहान वाटतो तो मशीनकडे पाहून. मशीन चालवायला चांगला प्रशिक्षित टेक्निशियन किंवा नर्स शिकू शकते, आणि अनेक युनिट्समध्ये त्यांचा हात डॉक्टरांपेक्षा जास्त बसलेला असतो. डॉक्टरचं काम मशीन लावण्याआधी सुरू होतं: करायचं का, कधी, किती वेळा आणि कुठे थांबायचं. हे प्रश्न न्यूरोलॉजी, नेफ्रॉलॉजी, हिमॅटॉलॉजी, आयसीयू, ट्रान्सप्लांट अशा सगळीकडून येतात. पुरावा समोर ठेवून त्यांची उत्तरं देऊ शकेल असा माणूस प्रत्येक युनिटला लागतो आणि असे लोक थोडे आहेत. तुम्ही तयारी करायची ती यासाठी.

वाचनाची सुरुवात अमेरिकन सोसायटी फॉर अफेरेसिसच्या मार्गदर्शक तत्त्वांपासून करा. 'जर्नल ऑफ क्लिनिकल अफेरेसिस'च्या विशेष अंकात ती दर काही वर्षांनी नव्याने येतात. नववी आवृत्ती २०२३ची आहे. त्यात प्रत्येक आजाराची वेगळी फॅक्ट शीट असते आणि चार कॅटेगरी असतात. पहिल्या कॅटेगरीत अफेरेसिस हा पहिल्या फळीचा उपचार, दुसरीत दुसऱ्या फळीचा. तिसरीत त्याची जागा अजून ठरलेली नाही, म्हणून पेशंट पाहून निर्णय घ्यायचा. चौथीत उपयोग होत नाही किंवा अपाय होतो असं पुरावा सांगतो. ग्रेड ही वेगळी गोष्ट आहे: १ किंवा २ म्हणजे शिफारस किती ठाम, आणि ए, बी, सी म्हणजे त्यामागचा पुरावा किती भक्कम.

बहुतेक जण फॅक्ट शीटचा वरचा चौकोन वाचतात आणि पान मिटतात. तुम्ही तसं करू नका. विल्सन आजारात (शरीरात तांबं साठण्याचा आजार) अचानक लिव्हर निकामी होतं तेव्हा प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला द्रव भाग काढून त्याजागी दुसरा द्रव देणं, पहिल्या कॅटेगरीत आहे, पण पुराव्याची ग्रेड सी. इतक्या दुर्मिळ आणि इतक्या वेगाने बिघडणाऱ्या आजारात मोठी ट्रायल होणार कशी? म्हणजे कॅटेगरी वरची असली म्हणून पुरावा भक्कम असतोच असं नाही, आणि पुरावा तोकडा असला म्हणून उपचार नाकारायचा असंही नाही. फॅक्ट शीटमध्ये पुढे उपचारामागचं कारण, किती प्लाझ्मा बदलायचा, कशाने भरून काढायचा, किती दिवसांच्या अंतराने आणि कुठवर, हे सगळं येतं. खरं शिक्षण त्या भागात आहे.

मूळ पेपर वाचताना अफेरेसिसतज्ज्ञ ब्रूस मॅक्लाउड यांनी २००२ मध्ये मांडलेले तीन प्रश्न हाताशी ठेवा. मी ते माझ्या शब्दांत सांगते. आजार ज्यामुळे होतो त्याच्याशी हा उपचार जुळतो का? उपचाराने रक्तातली ती गोष्ट खरोखर सुधारते का? आणि पेशंट बरा होतो का? टीटीपीत (छोट्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट घटतात तो आजार) तिन्हींचं उत्तर 'हो' आहे. कॅनेडियन अफेरेसिस स्टडी ग्रुपच्या १९९१ च्या ट्रायलमध्ये १०२ पेशंट होते. सहा महिन्यांनी प्लाझ्मा एक्स्चेंजच्या गटातले ७८ टक्के जिवंत होते, नुसता प्लाझ्मा चढवलेल्या गटातले ६३ टक्के. आता १९९२ ची ल्युपस नेफ्रायटिसची (ल्युपसमुळे किडनीला येणारी सूज) ट्रायल घ्या, ८६ पेशंटची. त्यात प्लाझ्माफेरेसिसने (प्लाझ्मा काढून टाकण्याने) डीएनएविरोधी अँटिबॉडी लवकर खाली आल्या, रिपोर्ट सुधारले, पण पेशंटला त्याचा फायदा झाला नाही. पहिले दोन 'हो', तिसरा 'नाही'. नुसता अँटिबॉडीचा आकडा पाहून जो उपचार करतो तो इथेच फसतो. पुढे २०२० मध्ये पेक्सिव्हास ही ट्रायल आली. अँका व्हॅस्क्युलायटिसचे (अँका अँटिबॉडीशी जोडलेली छोट्या रक्तवाहिन्यांची सूज) ७०४ पेशंट. मृत्यू किंवा किडनी कायमची निकामी होणं यांचं एकत्रित प्रमाण प्लाझ्मा एक्स्चेंज केलेल्यांत २८.४ आणि न केलेल्यांत ३१ टक्के, म्हणजे ठोस म्हणावा असा फरक नाही. अनेक वर्षं गृहीत धरलेला उपचार नव्याने तपासावा लागला. म्हणून जुन्या आवृत्तीवरच्या नोट्स पाठ करू नका, आणि ज्युनिअर्सनाही देऊ नका.

दुसरी तयारी आकड्यांची. ७० किलोचा पेशंट, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ४० टक्के, म्हणजे उरलेला ०.६ भाग प्लाझ्मा. किलोमागे रक्त धरायचं ०.०६५ लिटर. ०.०६५ गुणिले ७० गुणिले ०.६, म्हणजे प्लाझ्मा साधारण २.७ लिटर. एवढाच प्लाझ्मा एकदा बदलला की रक्तवाहिन्यांतली सुमारे ६३ टक्के अँटिबॉडी जाते. दुप्पट बदलला तर ८६ टक्के, दुप्पट जात नाही. शिवाय आयजीजी या मुख्य अँटिबॉडीचा निम्म्याहून अधिक साठा रक्तवाहिन्यांबाहेर असतो, तो हळूहळू आत येतो. म्हणून एकाच दिवशी प्रचंड एक्स्चेंज करण्यापेक्षा दिवसाआड काही सेशन्स करतात. हे गणित स्वतः कागदावर मांडून बघा. एकदा मांडलंत की 'पाचच सेशन का?' असं वॉर्डातून विचारलं तर उत्तर तुमचं तुम्हाला देता येईल.

शिक्षणसाहित्याची तुमची कल्पना मला फार आवडली, आणि ती रेसिडेन्सीतच सुरू करावी असं माझं स्पष्ट मत आहे. अख्ख्या अफेरेसिसवर पुस्तिका लिहायला मात्र घेऊ नका. एका पानात एकच प्रश्न, तोही वॉर्डात रोज अडणारा. पहिलं पान 'एक्स्चेंजच्या दिवशी औषधं आणि सँपल' यावर करा. टीटीपीचा संशय असेल तर अ‍ॅडम-टीएस १३ या टीटीपीत कमी पडणाऱ्या एन्झाइमचं सँपल पहिल्या एक्स्चेंजच्या आधीच घ्यायचं. नंतर दात्याचा प्लाझ्मा मिसळलेला असतो. रिटक्सिमॅब किंवा आयव्हीआयजी (दोन्ही अँटिबॉडीपासूनची औषधं) सेशननंतर द्यायचं, नाहीतर दिलेलं औषध पिशवीत निघून जातं. अल्ब्युमिनने एक्स्चेंज असेल तर एसीई इन्हिबिटर हे बीपीचं औषध २४ तास आधी थांबवायचं, कारण अचानक बीपी पडू शकतं. पेशंटच्या ओठांभोवती मुंग्या आल्या तर ते सायट्रेटमुळे (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घालतात ते) कॅल्शियम उतरल्याचं लक्षण, लगेच सांगायचं. हे पान रात्रपाळीच्या इंटर्नला वाचायला द्या आणि तो कुठे थबकतो ते बघा.

प्रत्येक पानावर तारीख, कोणत्या आवृत्तीवर आधारलेलं आहे ते, आणि पुन्हा तपासायचा महिना लिहा. पुरावा कमी असेल तिथे तसं ठळक लिहा. वाचणाऱ्या डॉक्टरला खात्री आणि अंदाज यांतला फरक दिसला पाहिजे. मशीनच्या कंपनीचं साहित्य ट्यूबिंग आणि अलार्म शिकायला उत्तम असतं, पण कोणत्या आजारात उपचार करावा हे त्यातून ठरवू नका. पान बाहेर देण्याआधी युनिटमधले सीनियर आणि त्या त्या शाखेचा एक डॉक्टर, दोघांकडून तपासून घ्या.

ट्रान्सफ्युजन मेडिसिनचा पाया आत्ताच सोडू नका. अँटिबॉडी, दाते, घटकांची निवड हे सगळं अफेरेसिसमध्ये रोज लागतं. एमडीनंतर फेलोशिप घ्या, आणि शक्यतो जिथे नुसता प्लाझ्मा एक्स्चेंज नाही तर रेड सेल एक्स्चेंज, स्टेम सेल कलेक्शन आणि फोटोफेरेसिसही (पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांच्यावर अतिनील प्रकाशाची प्रक्रिया करून परत देणं) होतं अशा ठिकाणी. तोवर एक लॉगबुक ठेवा. त्यात केलेली सेशन्स येतीलच. पण विनंती आली आणि युनिटने नकार दिला, अशा केसेसही कारणासकट लिहा. पेशंटची ओळख कुठेही येऊ देऊ नका. मुलाखतीत तुमची समज तपासायची असेल तर समोरच्याला त्या नोंदींमधून सगळ्यात जास्त कळेल.